वाचकांचे प्रश्न : डेटाबेस डेव्हलपरांनी काय वाचावे आणि कशावरून शिकावे

डेटाबेसवर काम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांमध्ये दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. बातम्यांचा लोंढा आवरत नाही ही पहिली, आणि शिकण्याची साधने भरपूर असूनही नेमके कुठून सुरू करावे ते कळत नाही ही दुसरी. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : मी पोस्टग्रेस या मुक्त स्रोत डेटाबेसवर काम करतो. साप्ताहिक वार्तापत्रे, परिषदांमधील भाषणे आणि व्हिडिओ इतके येतात की सगळे पाहणे अशक्य आहे. पाहिले नाही तर मागे पडल्याची रुखरुख लागते. नेमके काय वाचायचे?

उत्तर : वार्तापत्रे बाजूला ठेवा आणि आधी वेळापत्रक पाहा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदाच, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. सतरावी आवृत्ती २६ सप्टेंबर २०२४ रोजी आणि अठरावी २५ सप्टेंबर २०२५ रोजी आली. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि त्या दुरुस्त्यांच्या छोट्या आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांत निघतात. म्हणजे वर्षाकाठी एक लांबलचक आणि चार आटोपशीर रिलीज नोट्स (आवृत्तीतील बदलांची अधिकृत टिपणे) एवढेच तुमचे सक्तीचे वाचन आहे. उरलेले सवडीने वाचावे. नाही वाचले तरी काम अडत नाही.

मात्र रिलीज नोट्स वाचण्याचीही एक रीत आहे. अठराव्या आवृत्तीची बातमी सर्वत्र असिंक्रोनस आय/ओ (एक वाचन पूर्ण होण्याची वाट न पाहता पुढचे मागवणे) या नावाने गाजली, आणि ती सुधारणा मोठी आहेच; सिक्वेन्शियल स्कॅन (सगळे टेबल सलग वाचणे), बिटमॅप हीप स्कॅन (टेबलची निवडक पाने वाचणे) आणि व्हॅक्यूम (मृत ओळींची सफाई) यांच्या वेळी डिस्कवरून होणाऱ्या वाचनाला तिचा लाभ होतो. परंतु ती सध्या फक्त वाचनापुरती आहे, लेखनाला लागू नाही, हे मथळ्यांत क्वचितच सांगितले गेले. शिवाय ज्याला जुना सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्यायचा आहे त्याची गाठ आधी पडते ती दुसऱ्याच एका ओळीशी. या आवृत्तीपासून नवा क्लस्टर (एका सर्व्हरवरील सर्व डेटाबेसांचा संच) तयार करताना डेटा चेकसम (बिघडलेला डेटा ओळखू यावा म्हणून ठेवलेले पडताळणीचे आकडे) आपोआप चालू होतात. जुन्या क्लस्टरमध्ये ते बंद असतील, आणि पूर्वी बहुतेकांकडे ते बंदच असत, तर पीजी-अपग्रेड हे आवृत्ती बदलण्याचे साधन दोन्हींची सेटिंग्ज जुळत नाहीत म्हणून पुढे जाण्यास नकार देते. मग नवा क्लस्टर चेकसम बंद ठेवून तयार करावा लागतो, किंवा जुन्यावर ते आधी चालू करून घ्यावे लागतात. एमडी-५ या जुन्या पद्धतीने साठवलेले पासवर्ड आता निवृत्तीच्या वाटेवर असल्याची सूचनाही याच नोट्समध्ये आहे. म्हणून माझा सल्ला असा की, नव्या सुविधांच्या यादीकडे वळण्यापूर्वी ‘स्थलांतर’ हा विभाग वाचावा. तुमच्या रात्रपाळीशी संबंध असलेला मजकूर तिथे असतो.

छोट्या आवृत्त्यांविषयीही थोडे सांगतो. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी निघालेल्या १७.१ या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या होत्या, पण तिच्यामुळे काही एक्स्टेन्शन्सच्या (जोड-प्रोग्रॅमांच्या) बायनरी सुसंगततेला धक्का बसला आणि रोल (डेटाबेसमधील वापरकर्ता) बदलण्याशी संबंधित एक सेटिंग चालेनासे झाले. अवघ्या आठवड्याने, २१ नोव्हेंबर रोजी, वेळापत्रकाबाहेर १७.२ काढावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्येही हेच घडले : १३ तारखेला १७.३ आली, तिच्यात स्ट्रिंग एस्केप करणाऱ्या फंक्शनांमधील एसक्यूएल इंजेक्शनचा (मजकुरातून परकी कमांड घुसवण्याचा) धोका बुजवला होता, आणि त्या दुरुस्तीतच राहिलेला दोष काढण्यासाठी २० तारखेला १७.४ आली. यावरून अपडेट टाळावेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. चाचणीच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती त्याच दिवशी चढवावी, प्रॉडक्शनवर आठवडाभराने न्यावी, आणि नोट्समध्ये वर्णिलेली सुरक्षेची त्रुटी आपल्या वापराला थेट लागू होत असेल तर मात्र आठवड्याची वाट पाहू नये.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी दोन वाटा ध्यानात ठेवाव्यात. जुलै २०२३ मधील ८.१ पासून ‘इनोव्हेशन’ (नव्या सुविधांच्या, अल्प मुदतीच्या) आणि दीर्घ मुदतीच्या अशा वेगळ्या आवृत्त्या निघू लागल्या. एप्रिल २०२४ मधील ८.४ ही दीर्घ मुदतीची आहे, तर ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच ठेवलेली आहे. ८.४ मध्ये पासवर्ड तपासण्याची जुनी ‘नेटिव्ह’ पद्धत मुळातच बंद असते आणि ९.० मध्ये ती काढूनच टाकली आहे. जुन्या ड्रायव्हरवर चालणारा एखादा विस्मृतीत गेलेला प्रोग्रॅम अपग्रेडनंतर लॉगिनच करू शकत नाही, तो बहुधा यामुळे.

प्रश्न : मला एसक्यूएल चांगले लिहिता येते, परंतु टेबल मोठे झाले की क्वेरी रखडते. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) तयार करूनही डेटाबेस तो वापरत नाही. हे कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात?

उत्तर : अभ्यासक्रम शोधण्यापूर्वी पोस्टग्रेसच्या अधिकृत मॅन्युअलमधील कार्यक्षमतेवरच्या प्रकरणात ‘एक्सप्लेन’चा, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालेल तो प्लॅन दाखवणाऱ्या कमांडचा, जो भाग आहे तो वाचा, आणि नुसता वाचू नका, शेजारी चालू डेटाबेस ठेवून प्रत्येक उदाहरण करून पाहा. या विषयावर पैसे घेऊन शिकवले जाते त्यातले बरेचसे त्या काही पानांत विनामूल्य आहे.

एक प्रयोग इथेच सांगतो. ‘जनरेट-सीरीज’ हे फंक्शन वापरून सभासदांचे एक टेबल तयार करा आणि त्यात १,००,००० वेगवेगळे ईमेल पत्ते भरा. ईमेलच्या कॉलमवर साधा इंडेक्स टाका आणि एकदा ‘ॲनलाइझ’ (टेबलची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा. आता एक पत्ता थेट बरोबरीने शोधा. प्लॅनमध्ये इंडेक्स स्कॅन दिसेल. मग तोच पत्ता ‘लोअर’ फंक्शन लावून, म्हणजे सगळी अक्षरे लहान करून शोधा आणि ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ पाहा. इंडेक्स बाजूला पडलेला असेल, सिक्वेन्शियल स्कॅन आलेला असेल आणि फिल्टरने गाळलेल्या ओळींची संख्या ९९,९९९ दिसेल. कारण उघड आहे : इंडेक्समध्ये मूळ पत्ते क्रमाने लावलेले आहेत, ‘लोअर’ केलेले नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच प्लॅनमध्ये थोडी वर असते. अंदाजित ओळी ५०० आणि प्रत्यक्ष ओळी १, असे तिथे दिसेल. हे ५०० कुठून आले? फंक्शनच्या निकालाविषयी प्लॅनरकडे (क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या भागाकडे) कोणतीही आकडेवारी नसते, म्हणून तो २०० वेगवेगळी मूल्ये असतील असे ठरीव गृहीतक धरतो आणि एकूण ओळींना २०० ने भागतो. या छोट्या क्वेरीत त्याने फारसे बिघडत नाही. पण हीच अट चार टेबलांच्या जॉइनमध्ये (जोडणीत) असेल तर पाचशेपट चुकीच्या अंदाजावर जॉइनचा क्रम आणि जॉइनची पद्धत ठरते, आणि क्वेरी का रखडली याचा पत्ता लागत नाही.

आता ‘लोअर’ केलेल्या ईमेलवर एक्स्प्रेशन इंडेक्स तयार करा. स्कॅनची पद्धत बदलेल, पण अंदाज ५०० वरच अडलेला राहील. इंडेक्स तयार झाल्याने त्या एक्स्प्रेशनची आकडेवारी आपोआप गोळा होत नाही. पुन्हा ‘ॲनलाइझ’ चालवा, मग अंदाज १ वर येईल. (टेबलमध्ये पुरेसे बदल झाले तर ऑटोव्हॅक्यूम ही आपोआप चालणारी प्रक्रिया हे काम कधीतरी करते, पण रात्री इंडेक्स टाकून सकाळी निकाल पाहणाऱ्याने ‘कधीतरी’वर विसंबू नये.) प्लॅन वाचताना वेळेच्या आकड्यांकडे सर्वांचे लक्ष जाते, तुम्ही आधी अंदाजित आणि प्रत्यक्ष ओळींतील तफावत पाहा, आणि ती सर्वांत आतल्या कोणत्या पायरीवर सुरू झाली ते शोधा.

दोन सावधगिरीच्या सूचना द्यायला हव्यात. ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ क्वेरी खरोखरच चालवते, त्यामुळे ‘डिलीट’ किंवा ‘अपडेट’ तपासायचे असेल तर ‘बिगिन’ने ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का होणारा किंवा एकत्र रद्द होणारा कामांचा गट) उघडून शेवटी ‘रोलबॅक’ करावे. आणि इंडेक्स वापरला न जाणे हा दरवेळी दोष नसतो. टेबलमधल्या निम्म्या ओळी हव्या असतील तर सगळे टेबल सलग वाचणेच स्वस्त पडते, आणि अशा वेळी प्लॅनरशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : डेटाबेस आतून कसा चालतो हे शिकण्यासाठी विनामूल्य आणि दर्जेदार साधन कोणते?

उत्तर : कार्नेगी मेलन विद्यापीठातील अँडी पाव्हलो यांच्या डेटाबेस प्रणालींवरील अभ्यासक्रमाची व्याख्याने यूट्यूबवर सर्वांसाठी खुली आहेत. त्यातील प्रात्यक्षिके ‘बसटब’ या शिकवण्यासाठीच लिहिलेल्या डेटाबेसवर करायची असतात : बफर पूल (डिस्कवरील पाने मेमरीत ठेवणारा भाग), इंडेक्स, क्वेरी चालवणारा भाग आणि एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनांचे नियंत्रण. प्रात्यक्षिके सी++ मध्ये आहेत आणि ती केल्याशिवाय हा अभ्यासक्रम पूर्ण झाला असे मी मानणार नाही. व्याख्याने रंजक आहेत, त्यामुळे नुसती ऐकूनही सगळे समजल्यासारखे वाटते, हाच त्यांचा धोका आहे.

सी++ येत नसेल तर एसक्यूलाइटच्या फाइल रचनेचा अधिकृत दस्तऐवज घ्या. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा डेटाबेस सार्वजनिक अधिकारक्षेत्रात आहे, आणि त्याचे दस्तऐवजीकरण हा तांत्रिक गद्याचा उत्तम नमुना आहे. एखादी एसक्यूलाइट फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा. पहिल्या १६ बाइटांत फाइलचा प्रकार सांगणारी ठरलेली अक्षरे दिसतील. त्यापुढच्या दोन बाइटांत पानाचा आकार असतो. तिथे १० आणि ०० हे हेक्स आकडे असतील तर पान ४,०९६ बाइटांचे आहे. २८ व्या स्थानापासूनच्या चार बाइटांत एकूण पानांची संख्या असते. दोन्हींचा गुणाकार करून फाइलच्या आकाराशी पडताळून पाहा. हा १०० बाइटांचा मथळा संपला की लगेच पहिल्या पानातला बी-ट्रीचा (डेटा ठेवण्याच्या वृक्षरचनेचा) भाग सुरू होतो आणि खरा अभ्यासही तिथूनच सुरू होतो.

रिलेशनल मॉडेलचे (डेटा टेबलांत मांडण्याच्या कल्पनेचे) मूळ पाहायचे असेल तर एडगर कॉड यांचा १९७० सालचा शोधनिबंध आजही वाचण्याजोगा आहे. तो जेमतेम ११ पानांचा आहे, आणि डेटा डिस्कवर कसा ठेवला आहे याची माहिती प्रोग्रॅमला असण्याची गरज पडू नये, हा त्यातील आग्रह आज इतका अंगवळणी पडला आहे की तो कधी काळी मांडावा लागला होता याचेच नवल वाटते.

प्रश्न : रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसच्या परवान्याच्या बदलांमुळे आमच्या चमूत बराच वाद झाला. सामान्य डेव्हलपरने याची चिंता करावी का?

उत्तर : थोडीच. मार्च २०२४ मध्ये रेडिसने बीएसडी हा मुक्त परवाना सोडून स्रोत दिसेल पण वापरावर बंधने राहतील असे दोन परवाने स्वीकारले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ ही शाखा ७.२.४ या आवृत्तीवरून निघाली. मे २०२५ मधील रेडिस ८ बरोबर एजीपीएल हा मुक्त स्रोत परवान्याचा पर्यायही देण्यात आला. मोंगोडीबीने २०१८ साली असेच पाऊल उचलले होते. या बंधनांचा रोख मुख्यतः डेटाबेस हीच सेवा म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर आहे. आपल्या ॲप्लिकेशनमागे रेडिस चालवणाऱ्यावर नाही. तुमचा व्यवसाय पहिल्या प्रकारात मोडत असेल तर मात्र चमूतला वाद थांबवून वकिलाला विचारा.

तुम्ही पाहावे ते इतकेच : ऑपरेटिंग सिस्टिमच्या भांडारातून किंवा क्लाउड सेवेतून तुम्हाला नेमके काय मिळते आहे, रेडिस की व्हॅल्की, आणि कोणती आवृत्ती. दोघांच्या नव्या सुविधा आता वेगळ्या दिशांनी वाढत आहेत, त्यामुळे एकावर लिहिलेली नवी कमांड दुसऱ्यावर चालेलच असे धरून चालू नका.

प्रश्न : आम्ही सगळे ट्रान्झॅक्शनमध्येच करतो, तरी कधी कधी नियमात न बसणारा डेटा तयार होतो. ट्रान्झॅक्शन असूनही असे कसे होते, आणि हे शिकायचे कुठे?

उत्तर : ट्रान्झॅक्शनमध्ये घेतले म्हणजे सुरक्षित झाले, हा समज फार पसरलेला आहे. समजा, प्रत्येक प्रकल्पाला किमान एक व्यवस्थापक असलाच पाहिजे असा नियम आहे आणि एका प्रकल्पाचे दोन व्यवस्थापक एकाच क्षणी पद सोडतात. पहिले ट्रान्झॅक्शन व्यवस्थापक मोजते, उत्तर २ येते, ते पहिल्याची ओळ काढते. दुसरेही मोजते, त्यालाही २ च दिसतात, कारण पहिले अजून कमिट (पक्के) झालेले नाही. ते दुसऱ्याची ओळ काढते. दोन्ही कमिट होतात आणि प्रकल्प बिनव्यवस्थापकाचा राहतो. दोघांनी वेगवेगळ्या ओळींना हात लावल्यामुळे एकमेकांना अडवण्याचा प्रसंगच आला नाही. ट्रान्झॅक्शनांना एकमेकांपासून किती अलग ठेवायचे याच्या (आयसोलेशनच्या) पातळ्या असतात; पोस्टग्रेसची मूळ पातळी ‘रीड कमिटेड’ आहे, तिच्यावर हे होतेच. ‘रिपीटेबल रीड’वरही होते. ‘सीरियलायझेबल’वर मात्र दोघांपैकी एकाला ४०००१ या कोडची त्रुटी मिळते, आणि ते ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवण्याची जबाबदारी तुमच्या प्रोग्रॅमवर येते. सीरियलायझेबलची ही पद्धत पोस्टग्रेसमध्ये २०११ सालच्या ९.१ पासून आहे.

पुन्हा चालवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये नसेल तर लॉक घ्यावे लागते. इथे अनेकजण मोजणीच्या क्वेरीलाच ‘फॉर अपडेट’ (ओळी धरून ठेवणारे शब्द) जोडायला जातात आणि पोस्टग्रेस ते नाकारतो, कारण ‘काउंट’सारख्या एकत्रित फंक्शनबरोबर ते चालत नाही. त्याऐवजी आधी प्रकल्पाची ओळ ‘फॉर अपडेट’ने धरावी आणि मग मोजावे. ‘रीड कमिटेड’मध्ये दुसरे ट्रान्झॅक्शन त्या ओळीपाशी थांबते, आणि पुढची मोजणी ताज्या स्थितीवर होऊन त्याला १ दिसतो. हाच उपाय ‘रिपीटेबल रीड’मध्ये फसतो, कारण तिथे लॉक मिळाल्यावरही जुनाच स्नॅपशॉट (सुरुवातीला टिपलेली डेटाची स्थिती) वापरला जातो.

वाचण्यासाठी पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमधील आयसोलेशनचे प्रकरण, आणि एसक्यूएलच्या मानकातील व्याख्या किती अपुऱ्या आहेत हे दाखवणारा बेरेन्सन, बर्नस्टाइन, ग्रे आणि सहकाऱ्यांचा १९९५ सालचा निबंध घ्यावा. पातळ्यांची नावे सारखी असली तरी वागणूक डेटाबेसागणिक वेगळी असते, हे डेटाबेसांची कसोटी घेणाऱ्या जेप्सेनच्या चाचणी अहवालांतून स्पष्ट होते. डिसेंबर २०२३ मधील त्यांचा मायएसक्यूएल ८.०.३४ वरचा अहवाल ‘रिपीटेबल रीड’च्या बाबतीत डोळे उघडणारा आहे. पण त्याआधी टर्मिनलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून वरचा प्रसंग आलटून पालटून एकेक ओळ टाइप करत घडवून आणा. तो स्वतः घडवल्याशिवाय हा विषय नीटसा बसत नाही.

प्रश्न : लोकप्रियतेच्या क्रमवारीत वर असलेलाच डेटाबेस शिकावा का?

उत्तर : नाही. डीबी-इंजिन्ससारखी क्रमवारी शोधयंत्रांतील उल्लेख, नोकरीच्या जाहिराती, चर्चा यांवरून काढलेली असते. किती ठिकाणी तो डेटाबेस प्रत्यक्ष चालतो हे ती मोजत नाही, आणि तसे ती सांगतेही. कामावर जो आहे तो नीट शिका. कामच नसेल तर पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट घ्या.

प्रश्न : आमच्याकडे रोज बॅकअप होतो. मोठ्या कंपन्यांच्या बिघाडांचे अहवाल वाचण्याचा आम्हाला काही उपयोग आहे का?

उत्तर : गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेने ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेचा जो अहवाल प्रसिद्ध केला तो अवश्य वाचा. रेप्लिकेशन (दुय्यम सर्व्हरवर डेटाची प्रत ठेवण्याची सोय) दुरुस्त करताना एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरची डेटा डिरेक्टरी पुसली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. पण त्या अहवालाचे खरे मोल पुढे आहे. रोजचा पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम) चालूच नव्हता, कारण सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि चालवला जाणारा पीजी-डंप ९.२ चा, आपल्याहून नव्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायला तो नकार देत असे. त्या अपयशाची सूचना देणारे ईमेल पाठवले जात होते, पण प्राप्तकर्ता सर्व्हर ते स्वाक्षरीअभावी फेटाळत होता. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरांसाठी चालू केलेले नव्हते. शेवटी, चाचणीसाठी योगायोगाने सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून डेटा परत आणावा लागला, आणि मधल्या काळातील नोंदी गेल्या.

‘रोज बॅकअप होतो’ असे तुम्ही लिहिले आहे. तो परत बसवून कधी पाहिला ते लिहिलेले नाही. महिन्यातून एकदा ताजी डंप फाइल एका कोऱ्या सर्व्हरवर बसवा, किती वेळ लागला त्याची नोंद ठेवा आणि मुख्य टेबलांतील सर्वांत नवी तारीख तपासा. पहिल्याच वेळी बहुधा मालकी आणि परवानग्यांच्या त्रुटींची रांग दिसेल. पीजी-डंप एकाच डेटाबेसचा मजकूर घेतो. रोल आणि त्यांचे पासवर्ड संपूर्ण क्लस्टरचे असल्यामुळे ते त्यात येत नाहीत. ते पीजी-डंपऑलला फक्त ग्लोबल्स घेण्याचा पर्याय देऊन वेगळे काढावे लागतात, आणि डेटा बसवण्याच्या आधी चढवावे लागतात.